उणे बाराशे पन्नास रुपये पंचाहत्तर पैसे डेटाबेसमध्ये कसे साठतात?

कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी एका दूध संकलन केंद्राचं बिलिंग सॉफ्टवेअर लिहिलं. रकमेच्या प्रत्येक कॉलमला 'फ्लोट' हा प्रकार दिला. दशांश चिन्ह असलेली संख्या म्हणजे फ्लोट, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघत, ती बरोबर निघत, म्हणून कुणाला शंका आली नाही. वर्षअखेरीस केंद्राच्या सचिवांनी सगळ्या बिलांची बेरीज वहीत हाताने केली. वहीत आकडा आला १३,८६,४५२ रुपये ३५ पैसे. माझ्या वार्षिक बेरजेच्या टेबलातून स्क्रीनवर आलं १३८६४५०. सचिवांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "वरचे दोन रुपये पस्तीस पैसे कुठं गेले?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर ते शोधताना जे शिकलो ते इथे क्रमाने सांगतो. डेटाबेसशी नुकतीच ओळख झालेल्यांसाठी हा लेख आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, कारण मधला भाग नुसता वाचून कळत नाही, आकडे मांडावे लागतात. उदाहरण शेवटपर्यंत एकच वापरू: एका उत्पादकाची म्हैस आटली, दूध कमी झालं, पण पशुखाद्याची उधारी आधीच घेतलेली. ती कापल्यावर त्याचं बिल निघालं उणे १२५०.७५. म्हणजे केंद्राने त्याला द्यायचे नाहीत, त्याच्याकडून यायचे आहेत.

पहिली पायरी: फ्लोट का नको, हे एकदा नीट समजून घ्या

एक भागिले तीन दशांशात लिहायला गेलात तर ०.३३३३ असं संपतच नाही. आपण दहाच्या पटीत लिहितो आणि दहाला तीनने भाग जात नाही, म्हणून. फ्लोट आणि त्याचा जास्त अचूक मोठा भाऊ डबल हे प्रकार दोनच्या पटीत लिहितात. त्यांच्याकडे अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग असेच तुकडे असतात. त्या तुकड्यांतून एक दशांश बनत नाही, एक शतांशही बनत नाही. म्हणून ०.१ साठवायला दिलं की जवळात जवळचा दुसराच आकडा साठतो, आणि ०.१ अधिक ०.२ केलं की डबलमध्ये ०.३०००००००००००००००४ येतं.

आपल्या जुन्या नाण्यांचा हिशेब इथे फार छान लागू पडतो. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा आणि चौसष्ट हे दोन्ही नुसतं दोनाला दोनाने गुणत गेलं की मिळतात, त्यामुळे आणा आणि जुना पैसा फ्लोटमध्ये अगदी तंतोतंत बसला असता. (पै मात्र बसली नसती, रुपयाच्या १९२ पै, त्यात तीन येतात.) त्या तारखेपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, हिशेब माणसांना सोपा झाला, पण शंभरात दोनाबरोबर पाचही येतात, म्हणून फ्लोटशी असलेला मेळ सुटला. आज ० ते ९९ पैशांपैकी फक्त चार रकमा फ्लोटमध्ये अचूक साठतात: ०, २५, ५० आणि ७५. बाकीच्या शहाण्णव रकमा जवळपासच्या.

माझ्या वार्षिक बेरजेचं असंच झालं होतं. फ्लोटला चार बाइट मिळतात आणि त्यात साधारण सात अंकांची अचूकता मावते. साडेदहा लाख ते वीस लाखांच्या घरात त्याची एकेक पायरी साडेबारा पैशांची असते. १३८६४५२.३५ तिथे साठला १३८६४५२.३७५ म्हणून, आणि मायएसक्यूएल, म्हणजे मी वापरलेला डेटाबेस, फ्लोट दाखवताना सहाच अंक धरतं, म्हणून स्क्रीनवर १३८६४५०. डबल वापरला असता तर पायरी कितीतरी बारीक झाली असती, पण रोग तोच राहिला असता. माझं मत स्पष्ट आहे: तापमान, अंतर, सेन्सरची मोजमापं यांना डबल चांगला, पैशाला तो कधीही देऊ नये.

दुसरी पायरी: डेसिमल कॉलमचे दोन आकडे

पैशासाठी वापरायचा प्रकार म्हणजे डेसिमल. काही डेटाबेसांत त्यालाच न्यूमेरिक म्हणतात. तो घोषित करताना कंसात दोन आकडे देतात, जसं डेसिमल (१०,२). नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. दहा म्हणजे दशांश चिन्हाच्या आधीचे अंक नव्हेत. दहा म्हणजे एकूण अंक, त्यातले दोन चिन्हानंतरचे. डावीकडे उरतात आठ. म्हणजे या कॉलममध्ये मोठ्यात मोठी रक्कम ९,९९,९९,९९९.९९ बसते, दहा कोटींना एक पैसा कमी. एका उत्पादकाच्या बिलाला ते भरपूर झालं. तालुका संघाच्या उलाढालीला अपुरं पडू शकतं.

दुसरी चूक जास्त घातक आहे. मायएसक्यूएलमध्ये नुसतं डेसिमल लिहून कंस सोडून दिला तर त्याचा अर्थ डेसिमल (१०,०) होतो. १२५०.७५ घातलं की १२५१ साठतं आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, यशस्वी झाल्याचं दिसतं. मागे एक बारीकशी सूचना पडते, ती कुणी वाचत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र नुसतं न्यूमेरिक लिहिलं तर मर्यादाच लागत नाही, जेवढे अंक द्याल तेवढे राहतात. एकाच शब्दाचे दोन घरांत दोन अर्थ. म्हणून कंस नेहमी लिहा.

चिन्हानंतर किती अंक घ्यायचे हे व्यवहार ठरवतो. रकमेला दोन. फॅटला एक पुरतो. म्युच्युअल फंडाच्या युनिटला तीन लागतात. दर आणि रक्कम यांना एकच माप लावू नका. दराला रकमेपेक्षा जास्त अंक लागणं अगदी सामान्य आहे.

तिसरी पायरी: धन संख्या हाताने साठवून बघा

आता कागद घ्या. आपण मायएसक्यूएलची पद्धत बघू, कारण ती बहुतेकांच्या हाताशी असते आणि तिची रचना खरोखर सुंदर आहे.

पूर्वी, आवृत्ती ५.०.३ येण्याआधी, मायएसक्यूएल डेसिमल संख्या अक्षरांसारखी साठवायचं, प्रत्येक अंकाला एक बाइट. त्यात जागा वाया जात होती. नव्या पद्धतीत नऊ-नऊ अंकांचा गट करतात आणि प्रत्येक गटाला चार बाइट देतात. नऊच का? चार बाइटांत ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचे आकडे मावतात. नऊ अंकी मोठ्यात मोठी संख्या ९९,९९,९९,९९९; ती त्यात आरामात बसते. दहा अंकी सगळ्या बसत नाहीत.

दशांश चिन्हाच्या डावीकडचा भाग आणि उजवीकडचा भाग वेगवेगळे धरतात. गट पाडायला सुरुवात चिन्हापासून होते. डावीकडे जाताना उरलेले सुटे अंक सगळ्यात डाव्या टोकाला राहतात, उजवीकडे जाताना उजव्या टोकाला. या सुट्या अंकांना लागेल तेवढीच जागा मिळते: एक-दोन अंकांना एक बाइट, तीन-चारांना दोन, पाच-सहांना तीन, सात-आठांना चार.

डेसिमल (१०,२) मध्ये डावीकडे आठ अंक, म्हणजे चार बाइट. उजवीकडे दोन अंक, म्हणजे एक बाइट. एकूण पाच. कॉलमची जागा घोषणेवरून ठरते, आतल्या रकमेवरून नाही. एक रुपया ठेवा की नऊ कोटी, पाचच बाइट लागणार.

आधी धन १२५०.७५ घेऊ. डावीकडचा भाग १२५०. एका बाइटमध्ये ० ते २५५ मावतात, म्हणून २५६ ने भागायचं: १२५० म्हणजे २५६ चौक १०२४ आणि वर २२६. चार बाइट झाले ० ० ४ २२६. उजवीकडचा भाग ७५, तो एका बाइटमध्ये तसाच. सगळे मिळून:

० ० ४ २२६ ७५

उजव्या भागात एक जागा फसवी आहे. १२५०.५ हे दोन दशांश स्थळांच्या कॉलममध्ये १२५०.५० असतं, म्हणून शेवटचा बाइट ५० होतो. १२५०.०५ चा शेवटचा बाइट ५ होतो. हे उलटसुलट करून डेटा वाचणारा प्रोग्रॅम मी बघितला आहे. पाच पैशांचे पन्नास पैसे होत होते.

आता शेवटची क्रिया: सगळ्यात पहिल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट उलटा करायचा. आठ बिटांच्या बाइटमध्ये वरच्या बिटाची किंमत १२८ असते. तो इथे शून्य होता, एक झाला, म्हणून पहिल्या शून्याचे १२८ झाले:

१२८ ० ४ २२६ ७५

डिस्कवर असंच साठतं. हा १२८ का मिळवला, ते ऋण संख्येपाशी कळेल.

चौथी पायरी: आता उणे

ऋण संख्या साठवायचा सरळ उपाय कुणालाही सुचेल: चिन्हासाठी एक बिट बाजूला ठेवायचा, बाकीचे अंक तसेच. आपण वहीतही तेच करतो, रकमेपुढे वजा चिन्ह काढतो किंवा ती नावेच्या बाजूला लिहितो. काही डेटाबेस असंच करतात. मायएसक्यूएल तसं करत नाही.

इथे प्रत्येक बाइटमधला प्रत्येक बिट उलटा करतात. शून्याचा एक, एकाचा शून्य. बाइटच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक बाइट २५५ मधून वजा करायचा. ० ० ४ २२६ ७५ घ्या:

२५५ २५५ २५१ २९ १८०

करून बघा: २५५ वजा ४ म्हणजे २५१, २५५ वजा २२६ म्हणजे २९, २५५ वजा ७५ म्हणजे १८०. आता मघासारखाच पहिल्या बाइटचा वरचा बिट उलटा करा. तो एक होता, शून्य झाला, म्हणून २५५ मधून १२८ गेले आणि १२७ उरले:

१२७ २५५ २५१ २९ १८०

हे झालं आपल्या उत्पादकाचं उणे १२५०.७५.

एवढा खटाटोप कशासाठी? काही संख्या आणि त्यांचे बाइट एकाखाली एक मांडा. लहानापासून मोठ्याकडे:

−१२५०.७६ : १२७ २५५ २५१ २९ १७९
−१२५०.७५ : १२७ २५५ २५१ २९ १८०
−०.०१ : १२७ २५५ २५५ २५५ २५४
० : १२८ ० ० ० ०
०.०१ : १२८ ० ० ० १
१२५०.७५ : १२८ ० ४ २२६ ७५

आता संख्या विसरा, फक्त उजवीकडचे बाइट बघा. शब्दकोशात शब्द लावतात तसे लावा: पहिला बाइट सारखा असेल तर दुसरा बघायचा, तोही सारखा असेल तर तिसरा. क्रम हाच येतो. ज्याचं देणं जास्त त्याचा आकडा लहान, म्हणून −१२५०.७६ वर आणि −१२५०.७५ त्याच्या खाली. बिट उलटे केल्यामुळे ७६ चे १७९ झाले आणि ७५ चे १८०, म्हणून तो क्रम आपोआप जुळला. उणे एक पैसा शून्याच्या अगदी लगत वर बसला. वरच्या बिटामुळे सगळ्या ऋण संख्या १२७ किंवा त्याखाली आणि शून्य व धन संख्या १२८ किंवा त्यावर गेल्या.

याचा फायदा इंडेक्सला, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेस ठेवतो त्या क्रमवार यादीला होतो. 'ज्यांच्याकडून हजाराच्या वर येणं आहे ते दाखवा' अशी क्वेरी आली की डेटाबेसला एकेका रकमेचे अंक सोडवून, चिन्ह बघून तुलना करत बसावं लागत नाही. तो बाइटांच्या रांगा नुसत्या शेजारी धरतो. लाखो ओळींच्या टेबलात ही बचत मोठी आहे. मला स्वतःला ही मांडणी पहिल्यांदा कागदावर जुळली तेव्हा फार आनंद झाला होता, म्हणून ती तुम्हीही हाताने करावी असा आग्रह आहे.

उलटा प्रवासही करून बघा. समजा डिस्कवर १२७ २५५ २५५ १५६ १५६ दिसलं. पहिला बाइट १२८ पेक्षा कमी, म्हणजे संख्या ऋण. वरचा बिट उलटा केला की पहिला बाइट २५५. सगळे २५५ मधून वजा करा: ० ० ० ९९ ९९. उत्तर −९९.९९. पण थांबा, मोजलेत का? मी दिलेल्या रांगेत पाच बाइट आहेत आणि त्यातले शेवटचे दोन १५६. डावीकडचे चार बाइट झाले ० ० ० ९९, उजवीकडचा एक ९९. जुळलं.

हे स्वतःच्या संगणकावर खरंच बघायचं असेल तर 'हेक्स' या फंक्शनच्या नादी लागू नका. संख्या दिली की ते तिचा पूर्णांक करून सोळाच्या पटीत दाखवतं, साठवलेले बाइट दाखवत नाही. त्यापेक्षा सरावाच्या डेटाबेसमध्ये एका कॉलमचं छोटं टेबल करा, एक ओळ घाला, टेबल निर्यातीसाठी फ्लश करा म्हणजे पानं डिस्कवर उतरतील, आणि टेबलाची फाइल लिनक्सच्या 'ओडी' आज्ञेने दशमान बाइटांत उघडा. १२७ २५५ २५१ २९ १८० ही रांग सापडेल. कधी ती दोन ओळींत तुटलेली असते, तेवढं ध्यानात ठेवा. चालू कामाच्या सर्व्हरवर हा प्रयोग अजिबात करू नका.

दुसऱ्या घरांच्या रीती

ओरॅकलची पद्धत बघण्यासारखी आहे, आणि तिथे 'डम्प' हे फंक्शन साठवलेले बाइट थेट दाखवतं. ओरॅकल अंकांच्या जोड्या करतं, म्हणजे शंभरच्या पटीत लिहितं. १२५०.७५ च्या जोड्या १२, ५०, ७५. पहिला बाइट दशांश चिन्हाची जागा सांगतो, चिन्हाच्या डावीकडे दोन जोड्या असल्या की तो १९४ असतो. पुढे प्रत्येक जोडीत एक मिळवतात: १९४, १३, ५१, ७६. ऋण संख्येसाठी पहिला बाइट २५५ मधून वजा होतो, प्रत्येक जोडी १०१ मधून वजा होते, आणि शेवटी १०२ हा जास्तीचा बाइट लागतो: ६१, ८९, ५१, २६, १०२. हा १०२ कशाला? −१२५० चे बाइट लिहा: ६१, ८९, ५१, १०२. चौथ्या जागी २६ आणि १०२ समोरासमोर येतात, आणि −१२५०.७५ हा लहान ठरतो, जसा ठरायला हवा. तो शेवटचा बाइट नसता तर −१२५० ची रांग लवकर संपली असती, शब्दकोशात आखूड शब्द आधी येतो तशी ती आधी लागली असती आणि क्रम चुकला असता.

पोस्टग्रेस चार-चार अंकांचे गट करतं, प्रत्येकाला दोन बाइट. १२५०.७५ चे गट १२५० आणि ७५००. चिन्ह, दशांश स्थळं आणि पहिल्या गटाची जागा हे वेगळ्या शीर्षभागात असतं. ऋण संख्येत गट तेच राहतात, फक्त शीर्षातला चिन्हाचा बिट बदलतो. तुलना वेगळ्या फंक्शनने होते. पुढे-मागे नुसती शून्यं असलेले गट साठवत नाहीत, त्यामुळे इथे जागा रकमेप्रमाणे कमी-जास्त होते.

बँकांच्या जुन्या कोबोल प्रणाल्यांत आणि डीबी-टूमध्ये पॅक्ड डेसिमल भेटतं: एका बाइटमध्ये दोन अंक, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह, धनाला १२ आणि ऋणाला १३. एसक्यूएल सर्व्हर चिन्हाला स्वतंत्र बाइट देतो; नऊ अंकांपर्यंत पाच बाइट, एकोणीसपर्यंत नऊ.

एसक्यूलाइटबद्दल मात्र सावध करतो, कारण मोबाइल ॲप शिकणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात. त्यात डेसिमल प्रकारच नाही. टेबल करताना डेसिमल (१०,२) लिहिलं तरी ते चालतं, तक्रार येत नाही, पण आत १२५०.७५ दोनच्या पटीतली संख्या म्हणून, म्हणजे डबलसारखंच साठतं. तिथे रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा: −१२५०७५. दाखवताना शंभरने भागा. अनेक पेमेंट गेटवेसुद्धा रक्कम पैशांतच मागतात.

पाचवी पायरी: उणे रकमेचं राउंडिंग

साठवण समजली तरी गोंधळ होतो तो इथे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही डेसिमलचं राउंडिंग करताना बरोबर मधली संख्या शून्यापासून दूर ढकलतात: २.५ चे ३, आणि −२.५ चे −३. पैशाच्या हिशेबाला हे सोयीचं आहे, कारण बिल आणि त्याची उलट नोंद एकमेकांना पूर्ण कापतात. पण पूर्ण रुपये काढायला 'फ्लोअर' वापरलंत तर बघा काय होतं. १२५०.७५ चा फ्लोअर १२५०. −१२५०.७५ चा फ्लोअर −१२५१, कारण फ्लोअर नेहमी खाली जातो आणि उणे बाजूला खाली म्हणजे शून्यापासून लांब. बिल १२५० चं, रद्द करण्याची नोंद −१२५१ ची, आणि खात्यात विनाकारण एक रुपया शिल्लक. नुसते पैसे छाटायचे असतील तर 'ट्रंकेट' वापरा, ते दोन्ही बाजूंना १२५० च देतं.

छाटणी मात्र वारंवार करू नये. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला निर्देशांक दर व्यवहारानंतर तीन दशांशांवर छाटला जात होता. प्रत्येक वेळी नगण्य तुकडा जात होता. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास उतरला. नीट हिशेब केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२.

पायथनचा 'राउंड' मधली संख्या जवळच्या सम आकड्याकडे नेतो, २.५ चे २ करतो. डेटाबेस ३ म्हणतो. राउंडिंग कुठे करायचं, ॲपमध्ये की डेटाबेसमध्ये, ते आधी ठरवा आणि एकाच ठिकाणी करा. जीएसटीतही हा प्रश्न रोज येतो. ५५.५० रुपयांवर १८ टक्के म्हणजे ९.९९. तोच कर केंद्र आणि राज्य असा ९-९ टक्के वेगळा काढला तर प्रत्येकी ४.९९५, राउंड करून ५.००, बेरीज १०.००. एका पैशाचा फरक डेटाबेसमुळे आलेला नाही, तुम्ही राउंडिंग कोणत्या टप्प्यावर केलंत त्यामुळे आला. दोन्ही टप्प्यांवरचे आकडे साठवा, म्हणजे नंतर ताळा घेता येतो.

सहावी पायरी: कॉलमच्या बाहेर पडल्यावर

डेटाबेसमध्ये अचूक असलेली रक्कम ॲपमध्ये येताना फ्लोट झाली तर सगळी मेहनत वाया. पायथनमध्ये डेसिमल वस्तू अक्षरमाळेतून बनवा, म्हणजे अवतरणात '०.१' द्या, नुसतं ०.१ दिलं तर आधीच बिघडलेला आकडा आत जातो. जावात बिगडेसिमलचंही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलचे प्रचलित ड्रायव्हर डेसिमल रक्कम अक्षरमाळा म्हणून देतात. ती चूक समजून घाईने संख्येत बदलू नका. जाणूनबुजून केलेली सोय आहे ती.

आणि 'अनसाइन्ड'. डेसिमल कॉलमला हा शब्द लावला तर मर्यादा वाढत नाही, फक्त ऋण रकमा बंद होतात. मायएसक्यूएलचा कडक मोड, म्हणजे न बसणारी किंमत नाकारणारी सेटिंग, चालू असेल तर उणे १२५०.७५ घालताना त्रुटी येते, निदान कळतं. मोड सैल असेल तर तिथे शून्य साठतं आणि उत्पादकाची उधारी गुपचूप माफ होते. मायएसक्यूएलने ८.०.१७ पासून डेसिमलवरचं अनसाइन्ड मोडीत काढायच्या यादीत टाकलं आहे. एखाद्या कॉलममध्ये उणे रक्कम खरोखरच नको असेल तर 'चेक' अट लावा, ८.०.१६ पासून ती प्रत्यक्ष पाळली जाते.

आधीच फ्लोट वापरून बसला असाल तर

कॉलमचा प्रकार थेट बदलून डेसिमल करू नका. फ्लोटमध्ये गेलेले पैसे त्याने परत येत नाहीत. साठलेला चुकीचा आकडा फक्त दोन दशांशांवर राउंड होऊन पक्का होतो. आधी बॅकअप. मग जुन्या कॉलमशेजारी नवा डेसिमल कॉलम. तो भरायचा तो मूळ नोंदींतून, म्हणजे लिटर, दर, कपात यांपासून पुन्हा हिशेब करून. दोन्ही कॉलमांतला फरक काढा आणि पाच-दहा पैशांहून जास्त फरकाच्या ओळी एकेक करून बघा. खात्री पटल्यावरच जुना कॉलम काढा.

त्या संकलन केंद्रासाठी मी डेसिमल (१२,२) घेतलं. डावीकडे दहा अंक, म्हणजे नऊंचा एक गट आणि एक सुटा. पाच बाइट डावीकडे, एक उजवीकडे, एकूण सहा. (९,२), (१०,२) आणि (११,२) या तिघांनाही पाचच बाइट लागतात, तेव्हा (१०,२) घ्यायच्या ऐवजी (११,२) घेतलंत तर जागा न वाढता मर्यादा दहापट होते. मला त्याहून एक अंक जास्त हवा होता, म्हणून सहावा बाइट दिला. वर्षभराची बिलं लिटर आणि दरांपासून पुन्हा काढायला दोन दिवस गेले. उणे १२५०.७५ चं बिल नव्या कॉलममध्ये १२७ २५५ २५५ २५१ २९ १८० असं साठलं. वार्षिक बेरीज आली १३,८६,४५२.३५. सचिवांनी वहीतल्या आकड्याशेजारी बरोबरची खूण केली आणि पुढच्या दहा दिवसांची बिलं कधी निघणार ते विचारलं.